चार दिवस मुलीशी बोललो नाही. माझे वडीलही हेच करायचे

मांगरवाला (देवगड तालुका):

आमची हापूसची साठ-सत्तर कलमं आहेत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मांगरात, म्हणजे कलमांजवळच्या खोपीत, फळ पिकवायला दोन आढ्या घातल्या होत्या, पस्तीसेक डझन फळ, वर भाताचा पेंढा. मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या पेट्या दोन दिवसांत भरायच्या होत्या. संध्याकाळी मुलीला मांगराकडे कळशी ठेवायला पाठवलं. ती अकरा वर्षांची आहे. परत येताना बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, लावायला विसरली. उन्हाळ्यात आमच्याकडे गुरं मोकळीच फिरतात. रात्री तीन गुरं आत शिरली, पेंढा खाल्ला, फळ खाल्लं, उरलं ते तुडवलं. सकाळी गेलो तर मांगरात पाय ठेवायला जागा नव्हती, नुसता रसाचा चिखल. वीसएक हजारांचं नुकसान झालं.

मी तिला मारलं नाही. ओरडलोही नाही. बोलणं बंद केलं.

ती चहा घेऊन आली की कप घ्यायचो, तिच्याकडे बघायचो नाही. काही सांगायचं असलं तर ती समोर उभी असतानाच बायकोला म्हणायचो, "तिला सांग, जेवून घे म्हणावं." दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता तिने मांगर झाडून काढला, पेंढा उन्हात टाकला. मी बघितलं आणि काहीच म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या चिखलाच्या चपला धुऊन पायरीवर ठेवल्या. तरीही नाही. राग दुसऱ्या दिवशी दुपारीच उतरला होता. पण तोंड एकदा मिटलं की उघडायचं कसं ते मला येत नाही. जितका वेळ जातो तितकं जास्तच जड होतं.

चौथ्या दिवशी धाकट्याने तिच्या कंपासपेटीचं झाकण मोडलं. तो सहा वर्षांचा आहे. तो पुढ्यात उभा असताना ती आईला म्हणाली, "आई, त्याला सांग, माझ्या दप्तराला हात लावायचा नाही म्हणावं." तो रडत "ताई, ताई" करत तिच्या मागे फिरत होता आणि ती त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. तिचा तो चेहरा माझ्या वडिलांचा होता. मी मागच्या दाराने बाहेर जाऊन दगडी गडग्यावर बसलो.

आता वडिलांबद्दल लिहितो. ते मुंबईत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्षभर ते लालबागला गावकीच्या खोलीत थांबले, आज मिटेल उद्या मिटेल करत. १९८३ च्या पावसाआधी ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचे. मी आठ वर्षांचा होतो. दोन-दोन आठवड्यांपलीकडे मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, त्यांनीही मला. त्यांना माझ्याशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं आणि मला त्यांच्यासमोर कुठे उभं राहायचं ते.

दहा वर्षांचा असताना त्यांचं मनगटी घड्याळ घालून विहिरीवर गेलो. पट्टा सैल, वाकलो तसं ते घरंगळून पाण्यात गेलं. मुंबईहून आणलेली तेवढी एकच किमती वस्तू त्यांच्याकडे होती. ते माझ्याशी बावीस दिवस बोलले नाहीत. आकडा पक्का आहे, कारण माजघरात कणगीच्या मागे भिंतीवर मी कोळशाने रोज एक रेघ ओढत होतो. त्या दिवसांत ते आईला सांगायचे, "तुझ्या झिलाक सांग." मी आईचा झिल, म्हणजे मुलगा, त्यांचा नाही. वाडीतल्या माझ्या मित्रांना निरगुडीच्या फोकाने मार बसायचा, पायावर वळ उठायचे. पण संध्याकाळी तेच बाप त्यांना खांद्यावर घेऊन व्हाळावर, ओढ्यावर जायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. आपल्यालाही बाबांनी एकदाच मारावं आणि संपवावं, असं मी देवाकडे मागितलेलं आठवतं.

माझ्या मुलांच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. इतकी वर्षं वाटायचं की जमलंय. मी मारत नाही, शिवी देत नाही, मुलांचा अभ्यास घेतो. पहिलं मोठं नुकसान झालं आणि मी सरळ त्यांच्या जागी जाऊन बसलो, त्यांच्याच शब्दांसकट.

चौथ्या रात्री मी मुलीला "उद्या लवकर ऊठ" एवढंच म्हणालो. ती "हो" म्हणाली. घरात कोणी यावर पुढे बोललं नाही. पण तेव्हापासून ती फार शहाण्यासारखी वागते. दिवसातून तीनदा विचारते, "बाबा, बेडं लावलंय, परत बघून येऊ?" हे मला बघवत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे रक्तातच असतं का? माझी आत्यापण अशीच, सख्ख्या जावेशी सहा वर्षं बोलली नव्हती. मुलीशी आता काय बोलू? आणि वडिलांकडे हा विषय काढावा का? ते ७८ वर्षांचे आहेत, पडवीत बसलेले असतात. आई गेल्यापासून आता माझ्या बायकोला सांगतात, "त्याला सांग."

निवृत्त_बाई (गुहागर):

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली चौदा बंदराजवळच्या शाळेत. तिथे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. शाळा सुरू होते आणि त्याच वेळी एरवी बोटीवर असणारे बाप घरी असतात. त्या दीड महिन्यात वर्गात कोण कसं वागतंय यावरून घरी काय चाललंय ते मला कळायचं. काही पोरं उगाच हसरी व्हायची, डब्यात वडिलांनी केलेलं काहीतरी असायचं. काही पोरं शेजारच्याला कोपराने ढोसायला लागायची. एक मुलगा दर पावसाळ्यात नुसता गप्प व्हायचा आणि ऑगस्टमध्ये बोटी गेल्या की परत बडबडायला लागायचा. चौथीपर्यंत दरवर्षी तसंच.

पण मला सांगायचंय ते माझंच. मी छडी वापरायची. एका दुपारी मधल्या सुट्टीत मुली वडाखाली शाळा-शाळा खेळत होत्या. जी बाई झाली होती तिने छडी अशी धरली होती, टोक खाली आणि अंगठा वर, जशी मी धरते. समोरच्या चिमुरडीला म्हणाली, "हात पुढे कर, रडलीस तर अजून एक." हे माझं वाक्य होतं. त्याआधी माझ्या वडिलांचं होतं, तेही मास्तर होते. त्या दुपारनंतर छडी मी कपाटावर ठेवली ती परत काढली नाही. शिक्षणहक्क कायद्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आली, तो १ एप्रिल २०१० ला लागू झाला. माझी छडी त्याच्या बरीच आधी सुटली, त्या पोरीमुळे.

मुलांना आपण जे सांगतो ते त्यांना येतंच असं नाही. आपण जे करतो ते मात्र हुबेहूब येतं. तुमच्या मुलीने चार दिवसांत अबोला शिकून घेतला. म्हणजे तुम्ही तो मोडताना तिला दिसलात तर तेही ती तितक्याच लवकर शिकेल. तिच्याकडे जा आणि "चुकलो" हा शब्द वापरा. "लवकर ऊठ" म्हणजे माफी नव्हे. मुलाची माफी मागितल्याने बाप लहान होत नाही, हे मी फार उशिरा शिकले. माझा मुलगा तेव्हा तिशीत होता.

खाडीपलीकडची (रत्नागिरी):

दादा, मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. बाईंनी लिहिलंय ते सगळं मान्य. तुम्ही रक्ताचं विचारलंत, तिथून सुरू करते.

माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर केलेलं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेल्या पिल्लांतल्या माद्या मोठ्या होऊन आपल्या पिल्लांनाही खूप चाटतात. कोणीही म्हणेल, रक्तातलंच आहे. म्हणून त्यांनी जन्मल्या जन्मल्या पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणारीच्या पोटची पिल्लं खूप चाटणारीकडे वाढली आणि त्यांतल्या माद्या पुढे खूप चाटणाऱ्या झाल्या. जिच्या कुशीत वाढली तिची रीत त्यांनी उचलली. माणसाचं एवढं सरळ नसतं, पण तुमच्या घरातला अबोला आत्याकडेही आहे म्हणून तो रक्तातला, असं समजू नका. आत्या आणि वडील एकाच घरात वाढले.

दुसरं, तुम्ही लिहिलेला तो क्रम. चहा, मग मांगर झाडणं, मग चपला, आणि चौथ्या दिवशी तिचंच तोंड मिटलं. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. आई बाळाशी हसतखेळत असते आणि मग सांगितल्याप्रमाणे काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. माहीत असलेलं सगळं करून बघतं. काहीच चालत नाही तेव्हा मान वळवतं. तुमची मुलगी बाळ नाही, पण तिनेही तिला येत होतं ते सगळं करून पाहिलं. चपला धुणं म्हणजे "बाबा, माझ्याकडे बघा" एवढंच होतं. ती आता शहाण्यासारखी वागते म्हणता, मला वाटतं ती अजून तुमचा चेहरा तपासतेय.

ट्रॉनिक यांनी पुढे जे मांडलं ते मला कामात रोज उपयोगी पडतं. चांगल्या आई-मुलांचंही सूत दिवसातून कितीतरी वेळा तुटतं. महत्त्वाचं असतं ते परत जोडलं जाणं. तुमच्या बावीस दिवसांनंतर कोणी काही जोडलं नाही. तेविसाव्या दिवशी नुसतं बोलणं सुरू झालं असणार, काही झालंच नाही असं.

मेरी मेन या बर्कलीच्या संशोधिकेने १९८० च्या दशकात आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल सविस्तर बोलतं केलं आणि त्यांची मुलं त्यांच्यापाशी किती निर्धास्त आहेत ते पाहिलं. लहानपण सुखाचं होतं की दुःखाचं यापेक्षा ते माणूस कसं सांगतो याचा संबंध जास्त निघाला. कठीण लहानपण गेलेलं, पण ते झाकलंही नाही आणि त्या रागातच अडकूनही पडलं नाही, अशांची मुलं बहुतेक निर्धास्त असत. तुम्ही कोळशाच्या रेघांचं लिहिलंत, मित्रांचा हेवा वाटायचा तेही लिहिलंत. हे मुलीला सांगा, तिला कळेल एवढंच.

आणि राग आला की गप्प बसावंसं वाटणारच, ते एका रात्रीत जाणार नाही. मग गप्प बसण्याआधी ते कधी संपेल ते सांगायचं. "मला आत्ता राग आलाय, दिवेलागणीला बोलू." मुलांना अबोल्यात सर्वांत जास्त छळतं ते त्याला शेवट नसणं. बेडं उघडं राहिलं ही चूक तिचीच, तेही स्पष्ट सांगा. "जाऊ दे, काही नाही झालं" म्हणू नका, तिने तो मांगर स्वतः झाडलाय.

दांडीवरचा (सध्या नालासोपारा):

बाईंचा आणि ताईंचा सगळा पटला. पण भावा, तुझ्या वडिलांबद्दल मला बोलायचंय.

माझे वडीलपण असेच. रागावले की घरातून उठून जायचे, दांडीच्या किनाऱ्यावर होडीला टेकून बसायचे, रात्री जेवायला यायचे ते खाली मान घालून. आम्हा भावंडांना वाटायचं, यांना आपण नकोच आहोत. मोठेपणी मी त्यांच्याशी भांडलोही त्यावरून. ते काही बोलले नाहीत. २०१६ साली ते गेले. बाराव्याच्या दिवशी काकांनी सांगितलं, आमचे आजोबा वडिलांना फणसाला बांधून सुंभाने मारायचे. रक्त येईपर्यंत. एकदा तीन तास बांधून ठेवलं होतं, काकांनी रात्री गुपचूप सोडवलं. आमच्या वडिलांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. उगारावासा वाटला की उठून समुद्रावर जायचे.

म्हणजे आम्ही ज्याला तुसडेपणा म्हणत होतो, ते त्यांनी स्वतःला आवरणं होतं. बांधून मारण्यापासून उठून जाण्यापर्यंत ते एकटे चालत आले, कोणी शिकवलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही. मला कळलं तेव्हा विचारायला माणूस उरला नव्हता. तुझे पडवीत बसलेत. विचार.

खाडीपलीकडची (रत्नागिरी):

दांडीवरच्या दादांनी मोठी गोष्ट सांगितली. मार खाल्लेला मुलगा बाप झाला की मारणारच, असं लोक छातीठोकपणे म्हणतात. येल विद्यापीठातल्या जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली तोवरचे अभ्यास तपासले. ज्यांचा लहानपणी छळ झाला त्यांच्यापैकी पुढे मुलांचा छळ करणारे साधारण ३० टक्के, असा त्यांचा अंदाज होता. हे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, पण उरलेले ७० टक्के तसे झाले नाहीत. दांडीवरच्या दादांचे वडील त्या सत्तरांतले. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण न उगारलेला हात कोणाला दिसत नाही.

मांगरवाला (देवगड तालुका):

तीन आठवड्यांनी लिहितोय. मधे आंब्याची धावपळ होती आणि खरं म्हणजे धीर होत नव्हता.

वडिलांना विचारलं. ते पडवीत अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते. मी शेजारी बसलो आणि सरळ म्हटलं, "बाबा, आजोबा तुम्हाला मारायचे?" कातरणं थांबलं. "कोणी सांगल्यान?" म्हणाले. मी म्हटलं, कोणी नाही, मीच विचारतोय. बराच वेळ गेला. मला वाटलं संपलं, आता पुढचा महिना अबोला. मग सुपारीकडे बघतच म्हणाले, "मी तुका कधी मारूक नाय." मी म्हटलं, हो, कधीच नाही. "माका माझ्याच हाताचा भय वाटायचा."

आजोबांचं त्यांनी फार सांगितलं नाही. गोठ्यातल्या खुंट्याचं एक सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मग आपणहून गिरणीबद्दल बोलायला लागले. साच्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, सगळं खुणांनी आणि ओठांवरून. अठरा वर्षं तसं काम. घरी आल्यावर बायको-मुलांच्या आवाजाचीच सवय नव्हती, असं म्हणाले. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

घड्याळाचं मी काढलं. ते म्हणाले, दुसऱ्याच दिवशी गळ टाकून काढलं होतं. चाललं नाही, पण मिळालं होतं. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ते माझ्याकडे बघत राहिले. सांगायला बोलावं लागलं असतं. बावीसपैकी एकवीस रेघा मी ओढल्या त्या ट्रंकेत घड्याळ असताना.

मला त्यांचा राग आला आणि पोटात कालवलंही. दोन्ही अजून आहे. दांडीवरच्या भावा, त्यांनी जे आवरलं त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडलो. पण मला जे झालं ते झालं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मुलीला रेघांची गोष्ट सांगितली. तिला ती भिंत बघायची होती. कणग कधीच गेली, भिंतीवर चुन्याचे कितीतरी हात बसलेत, काही दिसत नाही. तिथेच उभं राहून तिने विचारलं, "गुरं शिरली ती माझ्यामुळेच ना?" मी म्हटलं, "हो, बेडं तू उघडं ठेवलंस. पण मी चार दिवस बोललो नाही ती चूक माझी. चुकलो मी." ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी मला ओरडा ना." मी हो म्हटलं. ओरडणंही मला नीट येत नाही, ते तिला सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी ती पंप सुरू ठेवून खेळायला गेली. टाकी भरून वाहत होती, मेच्या शेवटी, वाडीत पाण्याची मारामार असताना. माझं तोंड मिटायला लागलेलं मला कळलं. ताई, तुमचं वाक्य मी कसंबसं म्हणालो, दिवेलागणीला बोलू. आणि कलमांकडे निघून गेलो. दिवेलागण झाली तेव्हा मला जायचं नव्हतं. मांगराच्या पायरीवर बसून राहिलो, अंधार पडला तरी. मग विजेरीचा उजेड दिसला. तिने येताना बेडं लावलं, त्याचा आवाज ऐकला. समोर येऊन उभी राहिली, जरा लांबच.

"बाबा, दिवा लावून झाला."